थांबा म्हटलं की थांबायचं

अगं, लगेच उठू नकोस, चक्कर येईल — पड जराशी. चादर घे अंगावर. डॉक्टरबाई रागावून नाही गेल्या, हात धुवायला गेल्यात. तांबी बसली का? नाही बसली. मग बिघडलं काय? काही नाही बिघडलं. तू ‘थांबा’ म्हणालीस, त्यांनी हात काढून घेतला. या खोलीत नियमच आहे तसा — बाईने थांबा म्हटलं की थांबायचं, मग काम अर्धं झालेलं असो नाहीतर पाऊण.

नियम कुणाचा? माझाच म्हण — मी हट्ट धरला म्हणून डॉक्टरबाईंनी केला. दुखतंय अजून? ही गरम पाण्याची पिशवी ठेव पोटावर. तीस वर्षं नर्स आहे मी, आणि आधी कशी होते सांगू? ‘झालंच हं, झालंच, बाळंतपण नाही का सोसलंस’ — असं म्हणायची नि गुडघे दाबून धरायची. मला वाटायचं, धीर देतोय आपण. एक होती तुझ्याच वयाची, दोन सिझेरियन झालेली. तिसरं झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. ती थांबा, थांबा म्हणत राहिली नि मी धरून राहिले. शेवटी हिसका मारून उठली, तशीच निघून गेली. पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नाही. दिवस गेले तरी नाही. सैल कपडे घालून लपवलं तिने माझ्यापासून, मी परत इथे आणीन म्हणून. सातव्या महिन्यात गर्भपिशवी फाटली — गाडी येईपर्यंत संपलं होतं सगळं.

माझ्यापासून का लपवेल? घरातच होती ना. सून माझी.

हे कशाला सांगत बसले तुला, कुणास ठाऊक. तर मी काय म्हणते — तुझंही धाकटं दहा महिन्यांचं, तुलाही दोनदा टाके पडलेले. आता बधिर करायचं इंजेक्शन देतील बाई, अगदी सावकाश करतील. मी बोलत राहीन, नाहीतर गप्प बसेन, तू म्हणशील तसं. दोन मिनिटं फक्त, आज करूनच जा, बाळा, ऐक माझं, उद्या येते म्हणणाऱ्या येत नाहीत गं — काय बघतेयस?

मनगट धरलंय होय मी तुझं. सोडते. सोडलं बघ.

चपला टेबलाखाली आहेत. जा तू.