चार बोटं कमी

नाही, पण मला एक सांगा, वीज कुणाचं ऐकते का हो? आमच्या साहेबांना वाटतं ऐकते! तुम्हाला सांगतो, तीन महिने हा माणूस रोज सकाळी माझ्या टेबलाशी यायचा, ड्रॉइंगकडे बघायचा, मान तिरकी करायचा आणि... "हं, छान आहे. कपॅसिटर थोडा लहान होईल का?"

आता कपॅसिटर म्हणजे काय, तर विजेची टाकी. आमचं यंत्र म्हणजे कपाटाएवढा कन्व्हर्टर, इकडून एका तऱ्हेची वीज घेतो, तिकडून दुसऱ्या तऱ्हेची देतो. त्यात चोवीस मॉड्यूल, म्हणजे चोवीस डबेच समजा, प्रत्येक डब्यात एक टाकी आणि ती जोडायला-तोडायला दोन स्विच. टाकी मोठी असली की व्होल्टेज जरा वर, जरा खाली, शांत. लहान केली की तेच व्होल्टेज उड्या मारतं आणि स्विचचा जीव जातो! हे मी गणित मांडून दाखवलं, आलेख काढून दाखवला, एकदा तर चहाच्या कपात पाणी ओतून दाखवलं, टेबल पुसलं, आणि साहेब काय म्हणाले? "कळलं, कळलं. पण थोडा?"

आणि हे सगळं कशासाठी? तर टेस्टिंगच्या खोलीचं दार! कपाट त्या दारापेक्षा चार बोटं रुंद. टेस्ट वेळेत झाली नाही तर काम दुसऱ्या टीमच्या जुन्या डिझाइनला जाणार. अहो, अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढत बसलो, हे पहिलं माझं स्वतःचं! ते हातचं जाऊ द्यायचं? जेवताना घरी बोललो, तर बायको म्हणते, "अहो, मग दार मोठं करा की." मी हसलो हो! म्हटलं, "अगं, हे इंजिनिअरिंग आहे, तुला नाही कळायचं."

केला कपॅसिटर लहान. झालं, उड्या सुरू! मग स्विचिंग बदललं. ज्याची टाकी रिकामी त्याला आधी भरायचं, ज्याची भरलेली त्याला आधी उपसायचं, ही रांग आधी सावकाश लावायचो, ती आता सेकंदाला हजारो वेळा. कुणी फार भरला नाही, कुणी फार रिता राहिला नाही, मी खूश... पण रांग हलली की स्विच हलणार, आणि स्विच सारखा हलला की तापणार! हात लावायची सोय नाही. म्हणून पंखा. मोठा पंखा. पंख्याला हवा मिळावी म्हणून कपाटाच्या बाजूनं पत्र्याचा बोगदा. आणि हा बोगदा किती रुंद, सांगा बघू?

चार बोटं!

टेस्टच्या दिवशी कपाट दारात अडलं. ग्राहक तासाभरात येणार. मी घामाघूम, साहेबांच्या हातात मोजपट्टी, आणि या माणसाचं तोंड उघडतंय... "कपॅसिटर थोडा..." "साहेब, आता नाही!" ओरडलोच मी, अकरा वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या खोलीत सुतार फळी ठोकत होता, तो आरडाओरडा ऐकून आला, तोंडात खिळे, तसाच म्हणतो, "चौकट काढू का? वीस मिनिटांचं काम आहे."

वीस मिनिटं! अठराव्या मिनिटाला कपाट आत. वर सुतार विचारतो, "आधी का नाही बोलावलंत?" टेस्ट पास झाली, काम आमच्याकडेच राहिलं, खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. घरी जाऊन सगळं सांगितलं. बायकोनं ऐकलं आणि नुसती भाजी वाढली. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब टेबलाशी. मान तिरकी. "छान झालं. पण पंखा फार आवाज करतो हो. आता दार मोठं झालंच आहे, तर... कपॅसिटर थोडा मोठा होईल का?"

खणातून तीन महिन्यांपूर्वीचं पहिलं ड्रॉइंग काढलं, धूळ झटकली आणि समोर ठेवलं. साहेबांनी पाठ थोपटली माझी. म्हणाले, "बघा! मनावर घेतलं की होतं की नाही?"