शबानाचा माइक

निर्भयपणाच्या गप्पा कोणी मारल्या ना, की मला आमचं भिवंडीचं कॉलेज आठवतं आणि अजून डोकं फिरतं. वक्तृत्व स्पर्धेचा विषय प्रिन्सिपॉल सरांनीच दिलेला: ‘विद्यार्थ्यांनी निर्भयपणे बोलावं’. आणि आदल्याच आठवड्यात, मुलींच्या टॉयलेटला कायम कुलूप का, असा फलक लावला म्हणून ह्याच माणसाने आम्हा मुलींकडून माफीनामा लिहून घेतलेला! ते कुलूप फक्त पाहुणे आले की उघडायचं.

माझी मैत्रीण शबाना स्टेजवर गेली आणि तिने थेट कुलपाचाच विषय काढला. सरांनी खूण केली, शिपायाने माइक बंद केला. अरे, विषय तुम्हीच दिलात ना? मग बोलू द्या की!

पण शबाना कामतघरची, घराला लागूनच कापड विणायच्या लूमचा कारखाना. त्या खडखडाटातच ती बोलायला शिकलेली. तिचं भाषण पार गेटपर्यंत ऐकू गेलं.

सर उठून ओरडले, “बस्स! उद्या वडिलांना घेऊन ये!”

“आणते की सर,” शबाना म्हणाली. “पण अब्बा लूम चालवतात. ते माझ्याहून मोठ्याने बोलतात.”