कोऱ्या सायकलीचा सांधलेला चिमटा

बाजारातल्या सायकलवाल्या शेटनं मला फसवलंन. मोडून सांधलेली सायकल कोरी म्हणून माझ्या गळ्यात मारलीन. हे आधी लिहा, बाकीचं मागाहून.

जन्म माझा मांडवीचा, दर्याकाठच्या वाडीतला. बापूस होडीवर होता, तो लवकर गेला, मग आयशीच्या मागनं सुकी मासळी डोक्यावर घेऊन मी गावोगाव हिंडलो आणि हिंडता हिंडताच तोंड चालवायला शिकलो. सौद्यात मला कोणी हरवलेलं नाही. ताज्या मासळीचा कल्ला उघडून बघितल्याशिवाय मी सख्ख्या भावाकडूनही घेत नाही. पण सायकलीचा कल्ला कुठं असतो, हे मला कोणी सांगितलं होतं?

काय सांगू तुम्हाला, दुकानात ती उभी होती ती काळीभोर, आरशासारखी, अंगावर सोनेरी रेघ. शेटनं नुसतं बोट लावलंन आणि चाक गरगर फिरायला लागलं. बैल नाही, घोडा नाही, शीड नाही, वारा नाही, आणि ही वस्तू माणसाला घेऊन धावते! मी घासाघीस केली, भरपूर केली, शेट रडकुंडीला आला, म्हणाला, काय रे बाबा, दुकान लुटतोस काय माझं. मी खूश. आता कळतं, तो रडत नव्हता.

शिकलो मांडवीच्या पुळणीवर. पडलो, उठलो, परत पडलो, आणि एका संध्याकाळी ओल्या वाळूवर ती सरळ धावली, माझे दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले, बायको तोंडावर हात धरून उभी. वाटलं, दर्याच माझ्याबरोबर धावतोय.

सायकलीला खारा वारा बाधू नये म्हणून मी मुशी माशाचं तेल चोपडलं, होडीला लावतो तेच, वरून खालून, जिथं जिथं भोक दिसलं तिथं आत ओतलं. वास मारायची, पण चकाकायची. तेव्हा सर्विस मोटारी नुकत्या सुरू झालेल्या, पण मासळीची गोणी कोण चढवून घेतो? मी मागं सुक्या बांगड्यांची गोणी बांधून उजाडता निघायचो ते थेट संगमेश्वरचा बाजार गाठायचो. पूर्वी वाटेत मुक्काम पडायचा, हो!

तर एक दिवस बावनदीच्या उतारावर चिमटा मोडला. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरून ठेवतो तो. चाक एकीकडे, मी एकीकडे, बांगडे रस्ताभर. एका गाडीवानानं मला नि सायकलीला बैलगाडीत घातलंन आणि संगमेश्वरात सायकली दुरुस्त करणाऱ्या हसनभाईच्या दुकानी उतरवलंन. दुकान कसलं, झावळ्यांचं छप्पर. मी पडल्या पडल्याच ओरडलो, आधी मजुरी ठरवा! तो म्हणाला, सायकल कुठं पळत नाही, तू आधी गुडघा दाखव. गुडघा धुतलान, हळद भरलीन, मग सायकलीला हात लावलान.

चाक उघडलंन. आतले छर्रे, म्हणजे ज्या बारीक पोलादी गोळ्यांवर चाक फिरतं ते, माझ्या तेलात चिकटून बसलेले. पोट धरून हसला. काय रे, होडी समजलास काय हिला? करवंटीत रॉकेल ओतून धुतलेन, तर एकेक छर्रा मोत्यासारखा. मी बघतच बसलो. एवढ्याशा दाण्यांवर माझा सगळा भार, गोणीसकट!

मग मोडका चिमटा हातात घेतलान आणि उजेडात धरलान. मोडल्या जागी जुना सांधा, पितळ वितळवून भरलेला, आणि काळ्या रंगाखाली हिरवा रंग. म्हणाला, हा तुझ्या आधीच मोडलेला होता, भाऊ. तेलानं छर्रे अडकतात, चिमटा मोडत नाही. नवा चिमटा बसवलान, चाकाला एक हलका झटका दिलान आणि चहा ठेवलान. चहा उकळला, गाळला, बशीत ओतला, तरी चाक आपलं फिरतंच आहे, फिरतंच आहे. मी असं काही जन्मात बघितलेलं नव्हतं. मजुरी मागितलीन ती निमूट दिली. असं माझ्या हातून पुन्हा कधी झालं नाही.

मोडका चिमटा घेऊन मी शेटकडे गेलो. भरल्या बाजारात त्यानं नाकाला रुमाल लावलान. म्हणाला, विलायती मशीन माशाच्या तेलात बुडवून नासलंस आणि वर माझ्यावर ओरडतोस? तुम्ही लोकांनी टोपल्याच वाहाव्यात. लोक हसले. मी काय बोललो ते लिहू नका, घरात बायामाणसं वाचतील.

पण तेव्हापासून मांडवीच्या कोणाची सायकल तो पायरी चढू देत नाही. साधं पंक्चर असलं तरी म्हणतो, तेलकट हातांचं काम आम्ही घेत नाही. परवा माझ्या धाकट्या भावाला हाकललान. गुन्हा काय, तर तो माझा भाऊ. एका माझ्या नावानं सगळ्या वाडीला अडाणी ठरवलंन.

सायकल अजून धावते, हसनभाईला देव उदंड आयुष्य देवो. मला शेटचा छदाम नको. तो अजून त्याच गादीवर बसतो, ऐकू चांगलं येतं त्याला. त्यानं उठावं, त्याच पायरीवर उभं राहावं आणि आमच्या सगळ्या मांडवीदेखत बोलावं. काळ्याच्या खाली हिरवा रंग होता, तो काय आमच्या तेलानं आणलान? बोल म्हणावं, शेट!