गायीपुढे गवत

...आणि वर मलाच विचारतात, पोरगी अशी कशी? तुम्हाला सांगतो, आमची रालित्सा, माझी नात, वय वर्षं चार, तिच्यापुढे बालवाडीच्या त्सोन्कोवाबाईंनी तीन चित्रं मांडली, गाय, कोंबडी आणि गवत, आणि विचारलं, यातली कुठली दोन एकत्र ठेवशील? पोरीनं गायीपुढे गवत ठेवलं. बाई म्हणाल्या, "चुकलं हं. गाय आणि कोंबडी, दोन्ही प्राणी." आता लोवेचच्या कचेरीत उभा जन्म मी कागद लावण्यात घालवला, वर्गवारी मला कळते... पण तुम्हीच सांगा, कोंबडी घेऊन गाय काय करणार? गायीबरोबर काय जातं?

मला काळजी वेगळीच. गेल्या हिवाळ्यात माझी झ्लात्का गेली. माणूस गेलं की त्याचा फोटो छापलेला काळ्या चौकटीचा कागद आम्ही दारावर डकवतो, तसा तिचाही आहे. लेक म्हणते, "बाबा, एवढीशी पोर ती, आजीला विसरणारच." म्हणून मी रोज पोरीला त्या कागदापुढे उभं करायचो. "ही कोण?" "आजोबांची." "अगं, आजी म्हण. कोण?" "आजोबांची." संपलं, म्हटलं, नावसुद्धा गेलं.

तर परवा सकाळी दार वाजलं. शेजारची गिंका. डोक्याला काळा रुमाल, हातात शेवंतीची फुलं, जोडीनं, मेलेल्याला देतात तशी. मला बघून मटकन पायरीवरच बसली. "मिंचो, मेल्या, जिवंत आहेस? मग दारावर काय लावलंयस?"

बघतो तर झ्लात्काच्या कागदावर, तिच्या गालाला गाल लावून, मी. पेन्शनच्या कार्डासाठी काढलेला फोटो, कणकेनं चिकटवलेला.

रालित्साला विचारलं, हे कशाला गं? तर म्हणते, "आजी एकटीच होती. तू नासपती सोलायचास, ती बिया काढायची, मग मला द्यायची. आता तिला सोलून कोण देतं?"

आता तुम्हीच सांगा, गायीबरोबर काय जातं?

गिंका म्हणाली, "काढ तो फोटो, अपशकुन आहे." नखानं उकरायला गेलो, तर झ्लात्काचा गालच सुटून यायला लागला. राहू दिला. गिंकाला म्हटलं, फुलं तरी घेऊन जा. तर म्हणते, "ठेव, लागतीलच."

त्सोन्कोवाबाई काही म्हणोत, पोरीची मांडणी बरोबर आहे. फक्त जरा घाई झालीये.