म्हातारीच्या निवृत्तीचा फॉर्म

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय मोठे साहेब, व्यासपीठावर ओळीनं बसलेले मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले इंजिनवाले काका, समोर बसलेल्या काकू, आणि पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून अर्धा तास आधी आलेले माझे कामगार बंधू-भगिनी,

"दोन मिनिटं बोल आणि विषयाला धरून बोल," असं हेडक्लार्कांनी मला बजावलंय. मिनिटांचं बघू, विषयाचं सांगता येत नाही. शाळा सातवीत सुटली, तेव्हापासून माझे पाय एका जागी ठरत नाहीत. बंदरावर दोर वळले, सर्कशीत तंबू ठोकले. त्या सर्कशीतला उंट फक्त मॅनेजरच्या बायकोचं ऐकायचा... ते असो. दोन वर्षांपूर्वी मी इथं पाणी प्यायला थांबलो आणि यंत्रांना तेल घालायच्या कामावर लागलो.

पहिल्याच दिवशी काका म्हणाले, "म्हातारीचे गुडघे कुरकुरतायत. जा, तेल घालून ये."

लोखंडाच्या भट्टीत हवा फुंकणाऱ्या वाफेच्या इंजिनाला सगळा कारखाना म्हातारी म्हणतो, हे मला नव्या माणसाला काय ठाऊक? दुमजली घराएवढं ते धूड! मी तेलाची बुधली उचलली आणि थेट काकांचं घर गाठलं. दार काकूंनी उघडलं. म्हटलं, "काकांनी पाठवलंय. गुडघे पुढे करा."

काकू, आता हसताय, तेव्हा हसला नव्हतात! तुम्ही म्हणालात, "मेल्या, माझे गुडघे ठणठणीत आहेत. दुखतायत ते माझ्या सवतीचे. ती तिकडे कारखान्यात असते."

आणि खोटं काय होतं त्यात? अडतीस वर्षं काका तिच्या सिलिंडरवर तळवा ठेवून वाफेचा अंदाज घेत आले. तिची ती लांबलचक तुळई वर-खाली व्हायची, तशी काकांची मानही व्हायची. घरीसुद्धा ती थांबत नाही. पाहुण्यांना वाटतं, काका प्रत्येक गोष्टीला होकार देतायत. थोरल्या मुलीचं लग्न असंच ठरलं म्हणतात. जावई चांगले निघाले, हे नशीब.

मग हवा फुंकायला विजेची यंत्रं आली. पाठोपाठ हेड ऑफिसचा हुकूम आला: म्हातारीचे तुकडे करा, भट्टीत घाला आणि वितळवा. काकांनी जेवण सोडलं नाही, बोलणं सोडलं. एकदाच म्हणाले, "जिला जन्मभर श्वास पुरवला, तिच्याच तोंडी देणार हिला?"

नेमका तेव्हाच हेडक्लार्कांचा हात प्लास्टरमध्ये होता. का, ते मी सांगणार नाही. फिरत्या खुर्चीवर चढून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायची नसते, एवढंच. त्यांनी मला दोन फॉर्म दिले. एक भंगारात काढायच्या यंत्रांचा, एक निवृत्त होणाऱ्या माणसांचा. दोन्ही गुलाबी. "इंजिनघरात जा आणि काकांना विचारून भर."

काका खिडकीपाशी तिच्याकडे बघत उभे होते. मी विचारलं, "या महिन्यात इथून कोण जातंय?"

"म्हातारी."

"काम?"

"फुंकणं."

"सेवा किती?"

"माझ्याआधी चाळीस वर्षं. माझ्याबरोबर अडतीस."

"रजा?"

"कधीच नाही."

"आजार?"

"गुडघे. थंडीत थोडा दम लागतो."

"वारस?"

काकांनी जाऊन तिच्या सिलिंडरवर तळवा ठेवला. मग म्हणाले, "मी."

मी हे माणसांच्या फॉर्मवर लिहितोय, हे मला तिसऱ्या रकान्यातच कळलं होतं. पण वर छापलं होतं, 'खाडाखोड करू नये.' शिक्षण कमी असलं तरी छापील सूचना मी पाळतो! काकांसाठी दुसरा फॉर्म मागून आणला. यंत्रांचा फॉर्म कोराच गेला.

हेड ऑफिसात कुणीतरी शेरा मारला, 'सेवा अठ्ठ्याहत्तर वर्षे, वय तपासावे.' खाली दुसऱ्यानं लिहिलं, 'तपासले. एकही खाडा नाही.' आणि मंजुरी आली. पन्नास वर्षांवर सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला राहती जागा हयातभर सोडावी लागत नाही, असा नियम आहे म्हणे. म्हातारीची राहती जागा म्हणजे इंजिनघर. तिचे तुकडे करायचा ठेका घेतलेले भंगारवाले शेठ इथं बसलेत, त्यांची माफी मागतो. यंत्रांच्या यादीत ती नाहीच, त्यामुळे सोमवारचा तुमचा गेटपास निघणार नाही.

साहेब, मघापासून तुम्ही काकांच्या निवृत्तीपत्राखालच्या दुसऱ्या लिफाफ्याकडे बघताय. त्यावर 'श्रीमती म्हातारी' असंच लिहिलंय, छपाईची चूक नाही. आज सकाळच्या गठ्ठ्यात त्यावर तुम्हीच सही केलीत. तो फाडायचा की तिच्या वारसाच्या हातात द्यायचा, हे आता तुमच्या हातात आहे. मी गप्प बसतो.

...

काका, पुढे या ना! साहेब हात पुढे करून उभे आहेत. काकू, तुम्ही काय म्हणालात? मोठ्यानं सांगा, मागच्यांना ऐकू आलं नाही. "घ्या हो, सवतीचं असलं तरी घ्या!"

टाळ्या थांबल्या की आभार मानतो. साहेबांचे मनापासून, काकूंचे त्याहून जास्त, आणि हेडक्लार्कांच्या मोडलेल्या हाताचे विशेष. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, जीभ घसरली असेल, तर लहान समजून माफ करा. फॉर्ममधली चूक मात्र कृपया कुणीही दुरुस्त करू नका.