मच्छिंद्र क्लॅरोनेटवाला परीक्षेला बसतो

मंडळी, ऐका! आज एक प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. दिसायला साधा — पण एकदा रुतला की निघत नाही! आपण काय म्हणतो? नाम घ्या, नाम घोका, घोकत राहा, देव भेटेल. बरोबर? अहो, माना हलवा की! हां. मग मला सांगा — घोकून देव भेटतो, तर घोकून माणूस परीक्षेत नापास का होतो? देव सोपा आणि परीक्षा अवघड, असं आहे का? बघा, आमचे पखवाजवाले बुवा हसायला लागले! बुवा, तुमचा मॅट्रिकचा निकाल मला ठाऊक आहे, तुम्ही नका हसू!

आणि त्याच्याच पाठीला लागून आलेला दुसरा प्रश्न. परीक्षा पास होऊन मिळतो काय? कागद! त्या कागदाचं करायचं काय? आरती करायची? का भिंतीला लावून पाहुण्यांना दाखवायचा? तर ह्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एका माणसानं दिलं. मोठा साधू नव्हे हो — बँडवाला! लग्नात क्लॅरोनेट वाजवणारा. त्याचं नाव मच्छिंद्र.

बार्शीकडचं गाव. तिथं भानुदास अण्णांचा बँड. अण्णा म्हणजे मच्छिंद्राचे सख्खे चुलते. लाल कोट, सोनेरी बटणं, डोक्यावर तुरा! आणि पुढं मच्छिंद्र. त्यानं क्लॅरोनेट तोंडाला लावली की काय सांगू — कंबर धरून बसलेल्या म्हाताऱ्या उठून फुगडी घालायच्या! नवरदेव मागं घोड्यावर, पण लोकांचे डोळे मच्छिंद्राकडं.

आणि एका भर लग्नसराईत मच्छिंद्राच्या पोटात कळ आली. अशी कळ की माणूस वरातीतच खाली बसला. डॉक्टर म्हणाले, हर्निया. ऑपरेशन झालं, बरा झाला. पण डॉक्टर काय म्हणाले? "आता फुंकणं बंद. कायमचं." मंडळी, सुताराला सांगा करवत धरू नको! कीर्तनकाराला सांगा बोलू नको! — नको नको, हे नका सांगू, तुम्ही लगेच मला सांगाल.

तर मच्छिंद्राला अण्णांनी गाडीवर ठेवला. हल्ली बँडबरोबर गाडी असते ना — माइक, बॅटरी, अँप्लिफायर? त्या वायरी तो सांभाळायला लागला. हात चांगला होता त्याचा. पण कमाईतला वाटा मात्र अर्धा झाला, आणि अण्णा स्पष्टच बोलले, "मच्छ्या, तुळशीची लग्नं झाली की मला फुंकणारा माणूस लागंल. तवर बघ तुझं काय हुतंय ते. न्हाईतर तुझी जागा दुसऱ्याला द्यावी लागंल, बाबा." अण्णा दुष्ट होते का? अजिबात नाही. अहो, बँड चालवायचा म्हणजे फुंकणारे नकोत?

आता ह्या मच्छिंद्राची बायको — शालन. डी.एड. झालेली! मास्तरीण व्हायची म्हणून शिकली, भरतीच निघाली नाही, आणि लग्न होऊन ह्या घरात भाकऱ्या थापायला लागली. तिनं एक दिवस मोबाइलवर जाहिरात वाचली. तालुक्याच्या गावात एक मोठं हॉस्पिटल, तिथं कॉम्प्युटर आणि त्यांचं जाळं सांभाळायला माणूस पाहिजे. बारावी पास असावा, आणि ती एक पहिल्या पायरीची संगणकाची परीक्षा असते, ती पास असावा. जागा दिवाळीनंतर भरणार.

शालन म्हणाली, "आवं, हे तुमच्यासाठीच हाय. बारावी तर तुमी झालायच."

"माज्यासाठी? पुस्तक इंग्रजीत असंल."

"मग मी काय भाकऱ्या थापायला डी.एड. झालीया?"

ठरलं! गावात कळलं. गावात कळायला काय वेळ लागतो — तुम्हाला काय ते नव्यानं सांगू? अण्णा पारावर सगळ्यांदेखत बोलले, "आरं, कागदानं पोट भरत असतं तर तुजी बायको शाळंत असती! तिच्या कागदाचं काय झालं? चुलीम्होरं बसून राहिला!" लोक हसले. मच्छिंद्राला राग आला नाही हो, लाज वाटली. कारण खोटं कुठं होतं ते? घरी आला, तर शालनच्याही कानावर ते आलेलं होतं. ती पीठ जरा जोरात मळत होती, एवढंच.

मग चातुर्मास लागला. मंडळी, चातुर्मासात आपल्याला पुण्य लागतं आणि बँडवाल्याला सुट्टी! लग्नं नाहीत, सुपारी नाही, ढोल-ताशे फडक्यात गुंडाळून ठेवलेले. अभ्यासाला ह्याहून चांगला काळ कुठला? शालन चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचायची, मराठीत समजावून सांगायची, प्रश्नात येणारे इंग्रजी शब्द बोटानं दाखवायची, आणि मच्छिंद्र ऐकायचा. कारण बँडवाला कानानं शिकतो. उस्ताद तोंडानं म्हणतो, पोरं उचलतात. कागदावर कोण बघतं?

त्या पुस्तकात एक धडा दारांचा. कॉम्प्युटरला दारं असतात म्हणे! टपाल ह्या दारानं, वेबसाइट त्या दारानं, आणि प्रत्येक दाराला नंबर. अहो, आपल्या देहाला नऊ दारं — तीच सांभाळताना आपली ही दैना! त्याला हजारोंनी! मच्छिंद्रानं काय केलं? दारांच्या नंबरांना चाल लावली! "एकवीस, बावीस, तेवीस, पंचवीस — त्रेपन्न रं, ऐंशी रं!" — मांडीवर ठेका, हवेत क्लॅरोनेट धरून बोटं चालू! शेजारची गोदाक्का तांदूळ निवडता निवडता तेच म्हणायला लागली. एका बाईनं विचारलं, "गोदाक्का, हे कुठलं स्तोत्र?" तर म्हणते, "ठावं न्हाई बाई, पर शालनच्या घरातलं हाय, चांगलंच असंल!"

सगळं पाठ! आडवं पाठ, उभं पाठ. तालुक्याला जाऊन एका सायबर कॅफेत सराव परीक्षा दिली.

नापास!

पुन्हा दिली. पुन्हा नापास! आलं का लक्षात? पाठ होतं की नाही? होतं! मग घोडं पेंड कुठं खात होतं?

शालननं घरी समोर बसवलं आणि विचारलं, "कुलपाचं चित्र असतं त्या वेबसाइटचं दार कितवं?"

मच्छिंद्रानं डोळे मिटले, मांडीवर हात मारला आणि सुरू, "एकवीस, बावीस, तेवीस, पंचवीस..."

"थांबा! पैल्यापासनं कशाला?"

"मुखड्यापासनं धरल्याबिगर पुढचं येत न्हाई मला."

बघा! बँडवाला तो! मुखडा, मग अंतरा, मग परत मुखडा. परीक्षेतल्या एकेका प्रश्नाला हा आख्खं गाणं वाजवायचा, आणि तोवर वेळ संपायचा. हसू नका. तुम्हाला मी विचारलं, आरतीच्या चौथ्या कडव्यातला तिसरा शब्द कोणता, तर तुम्ही काय कराल? पहिल्यापासून टाळ्या वाजवायला लागाल! मला माहीत आहे ना!

मच्छिंद्र खचला. पुस्तक मिटलं. म्हणाला, "शालन, बास झालं. अण्णा खरं बोलला. मी गाडीच ढकलावी. ती बी जाणार आता."

आणि मंडळी, इथं ती बाई काय बोलली ते ऐका. कान द्या!

ती म्हणाली, "मला एक सांगा. वरात चालू असताना तुमी मुखड्यापासनंच वाजवता व्हय? मधीच चाल बदलता, मधलंच कडवं उचलता. ते कसं जमतं?"

"त्ये येगळं. तिथं नाचणारं दिसतं ना समोर. नवरीचा मामा दमला का, पोरं पेटली का, बाया लाजत्यात का — त्येंच्याकडं बघायचं. बोटं आपोआप जात्यात."

"मग हितंबी नाचणारा बघा की! प्रश्न म्हंजी काय नुसती अक्षरं न्हाईत. कुणाचं तरी काहीतरी अडलंय म्हणून तो इचारतोय. तो कोण हाय, ते बघा!"

वा रे वा! अहो, तिला व्यासपीठ नाही, फेटा नाही, पायाशी पेटीवाला नाही — आणि कीर्तन केलं तिनं! त्या दिवसापासून घोकणं बंद. शालन डोक्यावर पदर घ्यायची, आवाज बदलायची, पाटलीणबाई व्हायची! "आवं मास्तर, सकाळी मशीन चालत हुतं, आता शाळंच्या वेबसाइटचं पानच उघडंना. नातवाची फी भरायचीय, कसं करू?"

मच्छिंद्र म्हणायचा, "रडू नका बाई. नाव टाकू नका, मी सांगतो तो नंबर टाका. उघडलं? मग रस्ता नीट हाय. नावावरनं पत्ता सांगणारा जो हाय ना, तोच झोपलाय. त्येचं दार त्रेपन्न!"

आणि चमकला! मुखडा नाही, ठेका नाही — मधूनच आलं! शालन कधी नर्स व्हायची, कधी चिडका डॉक्टर, कधी बिलं अडकलेला कारकून. दुपारभर घरात हशा! सराव परीक्षेत पास झाला. आता खरी परीक्षा राहिली होती, सोलापूरला.

सोलापूर! गार हवेची खोली, मच्छिंद्रापुढं कॉम्प्युटर, डोक्यावर कॅमेरा. पहिला प्रश्न आला आणि भीतीनं माणूस जुन्या वाटेला लागला. मंडळी, भीती वाटली की सगळे जुन्या वाटेला लागतात. डोळे मिटले, ओठ हलायला लागले, टेबलावर बोटं चालू! तेवढ्यात पाठीमागून देखरेखीच्या मॅडम आल्या.

"अहो, खुणा कुणाला करताय?"

"खुणा न्हाईत बाई. वाजवतोय."

"काय वाजवताय?"

"क्लॅरोनेट."

मॅडमच्या चेहऱ्यावर हसू नाही. "हे बघा, ओठ आणि बोटं पुन्हा हललेली दिसली तर तुमचा पेपर तिथंच बंद. मला तसं कळवावंच लागेल."

आली का पंचाईत! फुंकणं डॉक्टरांनी बंद केलं, ठेका मॅडमनी बंद केला! आता ह्या माणसाकडं काय राहिलं? दिवाळी तोंडावर आलेली, अण्णांचा शब्द डोक्यावर, आणि चुलीपुढं बसलेली ती — जिच्या शिक्षणाला आख्खा पार हसला होता. त्यानं डावा हात टेबलावर पालथा दाबून धरला, ओठ मिटले. डोळे मात्र उघडले. आणि तो प्रश्न पहिल्यांदा नीट वाचला.

कुठल्यातरी कचेरीतली बाई. तिची वेबसाइट नावानं उघडत नाही, नंबरानं उघडते. तिनं काय करावं?

मच्छिंद्राला दिसलं कोण? पदर घेतलेली पाटलीणबाई! "नातवाची फी भरायचीय, मास्तर!" अहो, त्याला हसू आवरेना! उत्तर दाबलं. पुढचा प्रश्न — हा चिडका डॉक्टर. त्याच्या पुढचा — तो कारकून. एकेक जण यायचा, आपलं गाऱ्हाणं सांगायचा, आणि मच्छिंद्र त्याचं काम करून त्याला वाटेला लावायचा. ओठ हलला नाही, बोट हललं नाही. शेवटचं बटण दाबलं, आणि तिथल्या तिथं पडद्यावर अक्षरं आली.

पास! वाजवा टाळ! अहो, जोरात! तुमच्या घरातला पास झाला असता तर एवढ्या हळू वाजवला असतात का?

बाहेर येऊन त्यानं फोन लावला. शालन म्हणाली, "लौकर बोला, हात पिठाचं हायत." हा एवढंच म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमचा इद्यार्थी पास झाला." तव्यावरची भाकरी करपली, मंडळी. तिनं करपू दिली.

आता दुसरा प्रश्न — कागदाचा. हॉस्पिटलच्या साहेबांनी कागद बघितला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, "हा नसता तर तुम्हाला बोलावलंच नसतं. पण असे कागदवाले बाहेर बाकावर पुष्कळ बसलेत. तुम्ही सांगा — नर्सचा फोन आला, ती तुमच्यावर ओरडते आहे, मशीन बंद पडलंय. पहिलं काय कराल?"

"पयलं तिला ओरडू दीन साहेब. तिच्याम्होरं पेशंट हाय. मग इचारीन, बंद पडायच्या आधी काय केलं हुतं."

घेतला! कागदानं दार उघडलं, मंडळी, आत बसायला जागा माणसानं मिळवली. म्हणून कागद खोटा म्हणू नका. दाराबाहेरच उभा राहिलात तर आतलं शहाणपण दाखवणार कुणाला? आणि कागद म्हणजेच सगळं असंही म्हणू नका — बाहेरचा बाक भरलेला आहे!

हजर व्हायचा दिवस. तुळशीची लग्नं झालेली, पहिली सुपारी आलेली. मच्छिंद्र इस्त्रीचा सदरा घालून एसटीला निघाला, तर दारात कोण? आख्खा बँड! लाल कोट, तुरे, आणि पुढं भानुदास अण्णा! मच्छिंद्र म्हणाला, "अण्णा, सुपारी हाय ना आज?"

"हाय. तिकडं दुपारी. आधी ही." अण्णांचे डोळे भरले होते. शालनकडं वळले, म्हणाले, "पोरी, पारावर मी बोललो त्ये चुकीचं बोललो. तुजा कागद चुलीम्होरं बसला न्हवता. शाळाच चुलीम्होरं भरली हुती." आणि हात वर केला — हाणा!

काय वाजला हो बँड! जन्मभर दुसऱ्यांच्या वराती वाजवल्या, घरच्या माणसाची ही पहिली. गोदाक्का नाचली! स्टँडवर एसटी उभी, कंडक्टर खाली उतरून विचारतो, "वऱ्हाड का? नवरी कुठाय?" तर शालन सगळ्यांपुढं, पदर खोचून, म्हणाली, "नवरी न्हाई ओ! मास्तरीण हाय मी!"

झालं आख्यान. आता तुमच्याकडं येतो. सुटलो म्हणू नका! घोकून देव भेटतो का? अहो, मच्छिंद्राला पाठ सगळंच होतं, तरी दोनदा नापास झाला. कारण डोळे मिटलेले! ज्या दिवशी समोर माणूस दिसला, त्या दिवशी तेच पाठांतर कामाला आलं. आपणही रोज घोकतो. सकाळी नाम, संध्याकाळी नाम, मुखड्यापासून मुखड्यापर्यंत! आणि शेजारच्याची चूल आज पेटली का, ते ठाऊक नाही. सून सकाळपासून गप्प आहे, ते दिसलं नाही. दारात आलेल्याचं गाऱ्हाणं अर्धं ऐकलं — का, तर माळ पूर्ण व्हायची होती! आणि वर म्हणायचं, इतकं नाम घेतो, देव का भेटत नाही? अहो, तो आला होता! पाटलीणबाई होऊन आला होता, तुम्ही डोळे मिटून बसला होतात!

चला, आता नामाचा गजर करायचा. टाळ उचला. बुवा, ठेका धरा. पण आज माझं एक ऐका, कुणीही डोळे मिटायचे नाहीत! उजवीकडं बघा, डावीकडं बघा, जो बसलाय त्याच्या तोंडाकडं बघा. दिसला? नीट बघा. आता त्याच्याकडं बघूनच म्हणा —

विठ्ठल!