मोजणीत धरलेला माणूस

मी, मयताची पत्नी, वय ३९ वर्षे, धंदा नोकरी (पॅकिंग विभाग, तळमजला), राहणार कंपनीमागील कामगार वसाहत, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी, माझे पती व सासूबाई असे राहत होतो. पती त्याच कंपनीत तिसऱ्या मजल्यावर फोनवर ऑर्डर घेत. लहानपणापासून त्यांच्या पायांत बळ नव्हते, ते चाकाच्या खुर्चीवर असत. आगीच्या वेळी ते हट्टाने वर थांबले, असे कंपनीने आपल्याकडे लिहून दिले आहे. ते खोटे आहे, म्हणून मी आले आहे.

सायरन झाला की लिफ्ट बंद पडते. म्हणून पतींनी तळमजल्यावर जागा मागितली होती. तिथे गिऱ्हाइकांची ये-जा असते, बरे दिसत नाही, असे उत्तर मिळाले. दारातल्या मोठ्या फोटोत मात्र त्यांनाच मधोमध बसवले आहे. नाव मोठं, लक्षण खोटं.

आगीचा सराव अधूनमधून होतो. पतींना उचलून आणायला चौघे नेमले होते. पहिल्या सरावात जिन्यावर फार वेळ गेला आणि मोठे साहेब सुपरवायझरवर तडकले. पुढच्या वेळी सुपरवायझर पतींना म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता? खिडकीतून हात करा, मी तुम्हाला मोजणीत धरतो." तेव्हापासून तीच पद्धत पडली. आम्ही आवारात रांगेत उभे राहायचो, पती वरून हात करायचे, सुपरवायझर "आले!" म्हणायचे, की मोजणी पूर्ण. पती घरी येऊन सांगायचे, "पाय न हलवता पोचणारा मी एकटाच." मला ते हसणे आवडत नसे. सासूबाईंनी एकदा विचारले, "अरे, आणि खरंच लागली तर?" ते म्हणाले, "आई, खरी लागली तर चौघं येतील की."

घटनेच्या दिवशी जेवणाची सुट्टी संपता संपता सायरन झाला. सराव असेल असे समजून आम्ही गप्पा मारत बाहेर आलो. आग मागच्या गोदामात होती, पुढून धूर दिसत नव्हता. पती खिडकीशी आले आणि दोन्ही हात हलवू लागले. त्या काचा उघडत नाहीत, आवाज खाली येत नाही. सुपरवायझर "आले!" म्हणाले. रांगेतल्या काहींनी हसत वर हात केला. मीही केला. तो हात मला आता नकोसा झाला आहे.

मग काचेमागे काळे झाले. मी जिन्याकडे धावले, बायकांनी मला धरून ठेवले. बंब आला तेव्हा सुपरवायझरनी सगळे बाहेर आहेत असे सांगितले, म्हणून बंबावरचे लोक गोदामाकडे निघाले. मी एकाचा पट्टा धरला आणि म्हणाले, "माझा माणूस वर आहे." सुपरवायझर म्हणाले, "बाई घाबरल्यात, मी स्वतः मोजलंय." मग त्यांनी वर पाहिले आणि ते खालीच बसले.

पती जिन्याच्या वरच्या पायरीपाशी सापडले. खुर्ची खिडकीजवळ होती. हट्टाने थांबलेला माणूस सरपटत जिन्यापर्यंत येत नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'सर्व कामगार सुखरूप बाहेर आले, फक्त एक अपंग कामगार वर राहिला' असे टंकले होते. ते मी खोडायला लावले. एक राहिला असेल तर सर्व आले असे लिहू नये. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.